काळ्या प्लॅस्टिकच्या या बाजूला

आमच्या गावात बायकांना काहीही मना नाही. महापौर बाई आहे, बंदरावरची डॉक्टर बाई आहे, मासेमारीच्या दोन बोटींच्या मालकिणी बायका आहेत. आठ मार्चला निम्मं गाव गळ्यात जांभळा रुमाल बांधून चौकात उभं राहतं आणि त्यात पुरुषही असतात, पोटं पुढे काढून. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस कुणी तुम्हाला बाई म्हणून कमी लेखलं तर गाव त्याला फाडून खाईल. उरलेल्या एका दिवशी गाव तुम्हालाच फाडून खातं. तुम्ही फक्त रांगेत चालायला जायचं.

तो दिवस सप्टेंबरात येतो. साडेतीनशे वर्षांमागे नदीपलीकडच्या फ्रेंचांनी गावाला वेढा घातला होता. वेढा उठला तर दरवर्षी वाजतगाजत येऊ, असा मेरीमातेला नवस बोलला गेला, आणि तो अजून फेडणं चालू आहे. गावातले पुरुष आळीआळीच्या तुकड्या करतात, लाल टोप्या घालतात, खांद्यावर बंदुका टाकतात आणि पावे-ढोल वाजवत मोठ्या रस्त्यानं देवळापर्यंत चढून जातात. प्रत्येक तुकडीत एकच बाई असते, कान्तिनेरा. विशीतली, बिनलग्नाची, देखणी. तुकडीतले पुरुष मतं टाकून तिला निवडतात. ती हातात पंखा घेऊन पुढे चालते, हसते, दोन्ही बाजूंना सलाम करते, आणि त्या दिवसापुरती ती गावची राणी असते. बाकीच्या बायकांनी फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

अठरा वर्षांपूर्वी आम्ही पन्नासेक जणी म्हणालो, आम्हालाही रांगेत चालायचंय. एवढंच. प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल आमच्या बाजूनं लागला, आणि दुसऱ्या वर्षी कळलं की मिरवणूक आता गावची राहिलेली नाही, खाजगी झाली आहे. खाजगी ठिकाणी कुणाला घ्यायचं ते ज्याचं तो ठरवतो. न्हाणीघर खाजगी असतं हे मला माहीत होतं. पाच हजार माणसांची, हमरस्ता बंद करून, सज्जातून महापौरांनी हात हलवण्याची मिरवणूक खाजगी असते, हे मी तेव्हा शिकले.

मग आम्ही आमची वेगळी तुकडी काढली, बायका आणि आमच्या बाजूचे थोडे पुरुष मिळून. सगळ्यांच्या आधी, सकाळी साडेआठला, पोलिसांच्या पहाऱ्यात निघायचं. पहिली दोन-तीन वर्षं अंडी आली, थुंकी आली. 'घरी जा, भांडी घासा' तर दर दहा पावलांवर. पुढे गाव सभ्य झालं. आता शिवी नाही, शिट्टी नाही. आम्ही येतोय असं दिसलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक काळ्या प्लॅस्टिकचं लांबच लांब कापड पडद्यासारखं डोक्यावर धरतात, त्यामागे आमच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि आम्ही संपेपर्यंत गप्प राहतात. शिव्या बऱ्या होत्या. शिवी देणारा निदान तुमच्याकडे बघतो तरी.

मी इनाशी. धक्क्यावर जाळी दुरुस्त करते. हे काम आमच्याकडे बायकाच करतात आणि ते पुरुषांना मिळावं म्हणून आजवर एकानंही न्यायालय गाठलेलं नाही. तुकडीत मी पावा वाजवायचे, तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला, आणि शेजारी माझी मैत्रीण गार्बिने. माझा नवरा इमानोल मात्र कोळीआळीच्या तुकडीत चालायचा, कारण तिचा कप्तान त्याचा थोरला भाऊ पेरिको. लोक विचारायचे, तुमचं घर कसं चालतं? चालायचं. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत जेवताना फक्त माशांवर बोलायचं, असा आमचा तह होता. नवराबायकोत तह निभतो. अडचण पोरांची होते, ती दोघांचीही असतात.

लोरेआ आमची एकुलती एक. सात वर्षांची असताना मी तिला एकदाच बरोबर नेलं होतं. लाल टोपी, पांढरा सदरा, हातात छोटा ढोल, पोरगी हरखून गेली होती. औषधांच्या दुकानापाशी वाऱ्यानं एक प्लॅस्टिक फडफडलं आणि मागे तिच्या शाळेच्या बाई दिसल्या. लोरेआनं हात हलवला. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि पाठ केली. रात्री झोपताना तिनं विचारलं, "आमा, मी काय केलं होतं?" आमच्याकडे आईला आमा म्हणतात. मी म्हणाले, काही नाही, बाईंचंच चुकलं. ती म्हणाली, बाईंचं कसं चुकेल. त्यानंतर ती आमच्यात कधी आली नाही आणि मीही बोलावलं नाही. दर वर्षी ती बापाच्या तुकडीला टाळ्या वाजवायला उभी राहायची. मी प्लॅस्टिकांच्या मधून जाताना एकच विचार करायचे, त्यामागे ती नसू दे. ती नसायची. आमची तुकडी जाईपर्यंत ती घरातून निघायचीच नाही. तिच्याकडून मला मिळालेला हा मान होता आणि मी तो जपून ठेवला होता.

मग ती विशीत आली, शहरात जहाजबांधणी शिकायला लागली, आणि त्या वर्षी जूनमध्ये कोळीआळीच्या तुकडीनं तिला कान्तिनेरा निवडलं.

ही बातमी घेऊन पेरिको रविवारी जेवायलाच आला. बरोबर केक, सायडरच्या दोन बाटल्या. इमानोलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आईचा एकेकाळी दोन मतांनी हा मान हुकला होता आणि ती मरेपर्यंत ते विसरली नव्हती. लोरेआ तर लहान पोरीसारखी घरभर फिरत होती. मीही तिची पापी घेतली. खोटं कशाला बोलू, ती सुंदर दिसेल हा विचार माझ्याही मनात आला.

मासा संपला तेव्हा पेरिकोनं घसा साफ केला. लोरेआ फक्त चार मतांनी निवडून आलीय, असं तो म्हणाला. त्या चार जणांनी त्याला विचारलं होतं की आई पुढून जाणार आणि मुलगी मागून येणार, हे दिसेल कसं.

"दिसेल कसं म्हणजे?" मी म्हणाले. "दिसू नये म्हणून तर तुम्ही प्लॅस्टिक धरता."

इमानोल पावाचा तुकडा तोंडाशी धरून हसला आणि लगेच थांबला. पेरिको शांतच होता. तो वाईट माणूस नाही. माझी आई आजारी होती तेव्हा त्यानं तिला दोन मजले पाठीवर उतरवलं होतं. कुणी अट घातलेली नाही, तो म्हणाला, पण माणसं ती माणसं. मग नेहमीची गाडी नेहमीच्या रुळावर आली. त्याला बायकांबद्दल आदर आहे, त्याच्या दोन्ही मुली वकील आहेत, पण ही समानतेची गोष्ट नाही, ही आठवण आहे आणि आठवण जशी आहे तशीच ठेवावी लागते.

"वेढ्यात बायका बंदुका घेऊन उभ्या नव्हत्या, इनाशी. इतिहास काही मी लिहिलेला नाही."

"वेढ्यात एकशेदहा किलोचाही कुणी नव्हता, पेरिको. दोन महिने उपाशी होते ते. तू चालतोसच ना?"

या वेळी इमानोल मोठ्यानं हसला, पेरिकोही हसला. लोरेआ हसली नाही. ती ताटातले काटे एका बाजूला लावत होती.

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर आली. मी जमिनीवर बसून जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून विणत होते. ती समोर बसली आणि न सांगता दुसरी सुई घेतली. लहानपणी मी तिला शिकवलं होतं. बराच वेळ आम्ही फाटलेलं जोडत राहिलो. मग मीच बोलले. जे अठरा वर्षं गावाला सांगत होते तेच सांगितलं. हा मान नाही, बाहुलीचं काम आहे. शंभर पुरुष मतं टाकून एक पोरगी निवडतात आणि हजार बायका ती आपण नाही म्हणून झुरतात. तू इंजिनिअर होणार, तुला हे कळत नाही?

"कळतं," ती म्हणाली. "मला सगळं कळतं. आठ मार्चला मीही जाते, तुझ्यापेक्षा जास्त वाचलंय मी यावर. पण आमा, तूच सांगतेस ना, बाईला निवडता आलं पाहिजे? मी हे निवडलंय. मग तुला का चालत नाही?"

मी म्हणाले, दहा वाटा मोकळ्या असताना एक घेतलीस तर निवडलंस. इथे एकच वाट आहे.

"मग तू अठरा वर्षं चाललीस, किती वाटा झाल्या?"

मी मनात मोजून बघितलं. पहिल्या वर्षी आम्ही पन्नास होतो, त्या वर्षी साठ. प्लॅस्टिक मात्र एवढ्याशा तुकड्यांवरून वाढत वाढत अख्ख्या रस्त्याला पुरेल इतकं झालं होतं. लोरेआचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, शाळेत तिच्याबरोबर डबा खायला कुणी बसायचं नाही. सप्टेंबर आला की वाढदिवसांची आमंत्रणं बंद व्हायची. तिनं मला कधी सांगितलं नाही, कारण मला वाईट वाटलं असतं. आता पहिल्यांदा गाव तिला हाक मारतंय.

"तू माझ्यासाठी लढतेस म्हणतेस. माझ्यासाठीच असेल तर एक वर्ष थांब. एकच दिवस. फुटपाथवर उभी राहा आणि मला बघ."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली माझी. मी हो म्हणाले. तिनं जाळ्यावरून झुकून माझ्या गळ्यात हात टाकले तेव्हा सुई माझ्या मांडीला टोचली आणि मी हललेही नाही.

गार्बिनेला सांगायला मला तीन आठवडे लागले. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं एवढंच विचारलं, लोरेआ खूश आहे का? मी म्हणाले, खूप. मग ती म्हणाली, तिसऱ्या रांगेतली तुझी जागा आम्ही भरणार नाही. मी म्हणाले, भरा, नाहीतर भोक दिसेल. ती म्हणाली, बघू.

मी स्वतःशी पक्कं ठरवलं होतं की नुसती उभी राहीन. चालणार नाही, पण पाठही करणार नाही. आमची तुकडी येईल तेव्हा मागे कुठल्यातरी दारात सरकून थांबीन आणि ती पुढे गेली की लोरेआसाठी पुढे येईन. अठरा वर्षं मी रस्त्याच्या मधे होते, फुटपाथवर काय चालतं ते मला माहीतच नव्हतं. तिथं सरकायला जागा नसते.

सकाळी आठलाच पेरिकोची बायको बेगोन्या मला घेऊन औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गेली. कान्तिनेराच्या घरच्यांची जागा पहिल्या ओळीत असते. मागे माणसांच्या सहा-सात ओळी. ज्या बायका अठरा वर्षं माझ्याशी फक्त जाळ्यांवर बोलल्या होत्या त्यांनी माझ्या पाप्या घेतल्या, कुणी कॉफी दिली. लोरेआच्या वेणीचं कौतुक झालं. एक म्हातारी माझा हात दाबून म्हणाली, "आलीस बाई एकदाची." मला वाईट वाटायला हवं होतं. मला उबदार वाटलं. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर मला कुणी हात लावला नव्हता.

मग खालून पावे ऐकू आले आणि बोलणी एकदम बंद झाली. प्लॅस्टिकचा गुंडाळा कोपऱ्यापासून हातोहात उलगडत आला. एकानं धरायचं, पुढच्याला द्यायचं, जसं आम्ही धक्क्यावर जाळं पसरतो. बेगोन्यानं तिचा भाग डोक्यावर उचलला आणि पुढची कड माझ्यासमोर धरली. लोरेआच्या मैत्रिणी बघत होत्या, एकीच्या हातात मोबाइल वर धरलेला होता. मी हात खाली ठेवले. माझ्यापाशी प्लॅस्टिक लोंबलं आणि तिथं एक भगदाड पडलं, बरोबर माझ्या चेहऱ्याएवढं.

आणि त्या भगदाडातून मला आमच्या तुकडीची पहिली रांग दिसली.

पुढच्या दहा पावलांत त्या मला बघणार होत्या. कान्तिनेराच्या घरच्यांच्या जागी, पहिल्या ओळीत, हातात कॉफी. मागे सरकायला गेले तर मागे माणसांची भिंत. मी कॉफी खाली टाकली, कड पकडली आणि डोक्यावर उचलली. त्या मला दिसू नयेत म्हणून मी ते धरलं नाही. त्यांनी मला बघू नये म्हणून धरलं. पण प्लॅस्टिकला कारण कळत नाही. ते सगळ्यांच्या हातात सारखंच काळं असतं.

त्यामागे अंधार असतो आणि गरम होतं. सगळे स्वतःच्या पायांकडे बघत होते. दुसरी रांग गेली. मग तिसरी आली. ती मी कानानं ओळखली. त्या धूनमध्ये एक लांब वळण आहे, तिथं गार्बिनेचा श्वास कमी पडतो आणि मी तिला सावरून घ्यायचे. त्या दिवशी तिथं आवाज तुटला. मी ओठ आवळून धरले होते, तरी माझा श्वास आपोआप धूनच्या मापानं चालू होता.

तेवढ्यात नदीकडून वारा आला. प्लॅस्टिक शिडासारखं फुगलं आणि वर गेलं. गार्बिने हाताच्या अंतरावर होती. तिच्या डाव्या बाजूला जागा रिकामी होती. तिनं मला पाहिलं. तिची पावलं थांबली नाहीत आणि ओठांवरचा पावा हलला नाही. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो घेतला असता. ती नुसती बघत होती, ओळखीचं माणूस नको त्या ठिकाणी दिसल्यावर आपण बघतो तशी. दोन पावलं, फार तर तीन. मी हाक मारू शकत होते. हात सोडू शकत होते. मी प्लॅस्टिक दोन्ही हातांनी खाली ओढलं.

वाऱ्यानं ते वर नेलं होतं, मी खाली ओढलं. हे मला कुणी करायला लावलं नाही.

मग गुंडाळा परत गेला, ऊन आलं, लोक बोलायला लागले, बंदुका झडल्या आणि मोठी मिरवणूक आली. लोरेआ कोळीआळीच्या तुकडीपुढे होती. लाल जाकीट, पांढरे हातमोजे, मान उंच. काय दिसत होती माझी पोर. अख्खा रस्ता तिचं नाव घेत होता. जिच्याबरोबर डबा खायला कुणी बसत नव्हतं, तिच्यासाठी म्हातारे पुरुष टोप्या काढत होते. आमच्या कोपऱ्यावर येऊन तिनं पंखा मिटला आणि मला सलाम केला. मागच्या रांगेत इमानोल रडत होता. मीही रडले, टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. माझ्याभोवतीच्या बायकांना वाटलं आनंदानं. तो आनंदही होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

दुपारी साडेतीनला ती घरी आली. इमानोल तुकडीबरोबर जेवायला गेला होता. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले होते, काहीतरी चिरायला हवं म्हणून. तिनं दारातच बूट काढले, पायांना फोड आले होते. येऊन खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग मोबाइल काढून माझ्यासमोर ठेवला. मैत्रिणीनं पाठवलं होतं. औषधांच्या दुकानाचा कोपरा, काळी कड, आणि तिच्याखाली मी, दोन्ही हात वर.

मला वाटलं ती विचारेल. मी तुला फक्त उभी राहा म्हटलं होतं आमा, हे का केलंस, असं काहीतरी. तिनं तसं विचारावं अशी मी वाट बघत होते. तिनं विचारलं असतं तर मी तिला सगळं सांगितलं असतं, गार्बिनेचे डोळेसुद्धा. तिला निदान हे कळलं असतं की मी हरले, आणि कशानं हरले.

तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, कांद्याच्या वासासकट, आणि त्यांवर ओठ टेकले. तिचे डोळे भरले होते.

"आमा," ती म्हणाली, "सात वर्षांची होते तेव्हापासून, आज पहिल्यांदा मला तुझी लाज वाटली नाही."

मी तिला जवळ घेतलं. तेरा वर्षांनी माझी मुलगी माझ्याकडे परत आली होती, आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं.